किल्ली कुणापाशी?

आमच्या माहेरी, वाईला, घराला कुलूप लागलं की किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची रीत होती. काकूंच्या दाराआड एक खुंटी होती, तिच्यावर ती लटकत असायची. शाळेतून लवकर आलं की, "काकू, किल्ली द्या हो," म्हणायचं आणि घर उघडायचं. काकूंनी इतक्या वर्षांत आमच्या माघारी ते कुलूप एकदाच उघडलं. आम्ही पंढरपूरला गेलो होतो, मोठा पाऊस झाला आणि मागच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा. आम्ही टांग्यातून... चुकले, रिक्षातून उतरतो न उतरतो तोच काकू पुढे आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "वहिनी, मी तुमचं घर उघडलं होतं हं." पाण्याचं मागाहून सांगितलं.

त्या किल्लीची आणि त्या वाक्याची आठवण मला इतक्या वर्षांनी झाली, ती एका काळ्या डब्यामुळे. राऊटर म्हणतात ना, तो डबा.

बाबा २०२२ साली गेले. आई एकटीच वाईत राहते. मी कराडला, म्हणजे साताऱ्याला गाडी बदलून अडीच-तीन तासांवर. दादा टोरांटोला. आईनं कुणाकडेच यायचं नाही असं ठरवलेलं. "माझा घाट, माझा गणपती, माझी तुळस," हे तिचं उत्तर. मग दादा २०२३ च्या दिवाळीत आला तेव्हा त्यानं घरात ब्रॉडबँड घेतलं. जुन्या घराच्या जाड भिंती, माजघरात मोबाईलला रेंज कधी असते, कधी नसते. काचेची बारीक तार अंगणातून आत आली, भिंतीवर एक पांढरी पेटी बसली आणि शोकेसवर, बाबांच्या फोटोच्या बाजूला, दोन शिंगांचा तो काळा डबा. आईनं त्याच्याखाली विणलेला रुमालही घातला!

आधी आधी फार गंमत व्हायची. नेट बंद पडलं की आई साध्या फोनवरून दादाला मिस्ड कॉल द्यायची. तो फोन करायचा.

"आई, कुठला दिवा लागलाय?"

"लाल."

"कुठला लाल?"

"अरे, लाल म्हणजे लाल! लालात कुठला काय?"

अर्धा-अर्धा तास हे चालायचं. शेवटी दादानं एक युक्ती केली. त्यानं त्या डब्यात अशी सोय करून ठेवली, की टोरांटोहून तो थेट आत शिरू शकेल. तिकडे बसून इथला राऊटर बंद करून परत चालू करायचा, वाय-फायचं नाव बदलायचं, काय बिघडलंय ते बघायचं, सगळं तिथून. आईला त्याचं कोण कौतुक! "तिकडून इथलं बटण दाबतो गं माझा मुलगा," असं ती देवळात भेटेल त्या बाईला सांगे. आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. माझ्यामागे घर, दोन मुलं, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि शाळेतले अर्धवेळचे तास. राऊटरचं ओझं दादाकडे गेलं म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

आणि मग २०२४ च्या जुलैत एके दिवशी दादाचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"आईचं घर चार दिवस बंद आहे. म्हणजे, नेट बंद आहे. राऊटर दिसतच नाही. व्हिडिओ कॉल नाही, काही नाही. साधा फोन लावला तर 'मी बरी आहे' म्हणून ठेवून देते. तू जाऊन बघ ना."

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी तशीच एस.टी.त बसले. घरी पोचते तर आई ओट्यापाशी भरली वांगी करत होती. तब्येत ठणठणीत. शोकेसवर डबा होता, पण त्याची पिन काढून, वायरची नीट गुंडाळी करून, रबर लावून ठेवलेली.

"आई, अगं बिघडलाय का हा?"

"नाही. मी बंद केलाय."

चहा होईपर्यंत ती पुढे काही बोलली नाही. मग बोलली ती एकदम.

पंधरा दिवसांमागे दादानं फोनवर सहज विचारलं होतं, "आई, काल रात्री दोनला जागी होतीस का? तुझा मोबाईल जोडलेला दिसत होता." त्याच्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार. तो राऊटरचं काहीतरी नवं भरत होता, तर यादीत आईचा फोन दिसला. त्यानं काळजीनंच विचारलं. आई गप्प बसली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यानं डॉक्टरांना दाखव म्हटलं, रात्री मोबाईल बघू नये म्हटलं, आणि शेवटी काय केलं, तर तिकडूनच रात्री अकरा ते पहाटे पाच आईच्या फोनचं नेट बंद करून टाकलं. लहान मुलांसाठी अशी सोय असते त्या डब्यात. आईला सांगितलं नाही. तिला चार रात्री वाटलं, मोबाईलच बिघडला. पाचव्या दिवशी ती तो घेऊन बाजारातल्या दुकानात गेली. तिथल्या पोरानं बघून सांगितलं, "आजी, मोबाईल चांगलाय. तुमच्या घरच्या वाय-फायला कुणीतरी वेळ लावलीये."

दुकानात, चार माणसांत. आईला किती लागलं असेल ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

"तू रात्री काय बघतेस गं?" मी विचारलं, आणि विचारताक्षणीच जीभ चावली. कारण मीही तेच करत होते.

पण तिनं सांगितलं. बाबांना झोप यायची नाही तेव्हा ते रेडिओवर नाट्यपदं लावायचे, अगदी हळू, तिची झोप मोडू नये म्हणून. तिला ती ऐकू यायची, पण तिनं कधी सांगितलं नाही. आता दोनच्या सुमाराला तिला जाग येते. मग ती यूट्यूबवर तीच पदं लावते, मोबाईल उशाशी ठेवून, तितक्याच हळू. अर्ध्या तासानं झोप लागते.

"ह्यात मी कुणाचं काय नुकसान करते?" ती म्हणाली. "बरं, मी काय ऐकते ते त्याला दिसत नाही म्हणे. पण मी जागी आहे ते दिसतं ना? चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसालासुद्धा मी ते कळू दिलं नाही. आणि माझ्या घरातला दिवा केव्हा मालवायचा, ते आता कॅनडात ठरणार?"

ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. दोघांचंही खरं होतं, ही खरी अडचण. अडुसष्ट वर्षांची एकटी आई. तिकडे मुलाचा जीव टांगणीला. काळजी करू नको असं त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि आईला तरी, "अगं, तो प्रेमानं करतोय," एवढं म्हणून गप्प कसं बसवायचं? प्रेमानं केलं म्हणून न विचारता केलेलं चालतं, असं आपण बायकांनी तर म्हणूच नये!

त्या रात्री मी ठरवलं, की हा डबा आधी आपण समजून घ्यायचा. मी बी.ए. मराठीची. यंत्र म्हटलं की आमच्या घरी 'ह्यां'ना हाक मारायची सवय. पण आमच्या शाळेतले संगणकाचे सर फार समजावून सांगणारे आहेत. रविवारी सकाळी त्यांना फोन लावला आणि वही-पेन्सिल घेऊन बसले. त्यांनी मला जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

राऊटर म्हणजे घराची देवडी. आतल्या माणसांना बाहेर सोडायचं, बाहेरचा निरोप ज्याचा त्याला पोचवायचा. ह्या देवडीला दोन पत्ते असतात. एक आतला, घरातल्यांसाठी. तो बहुतेक घरी सारखाच असतो, १९२.१६८.१.१ किंवा त्याच्यासारखा. हे १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ सालापासून खासगी वापरासाठीच राखून ठेवलेत. ते घराबाहेर चालत नाहीत. जसं 'माजघर' म्हटलं तर घरातल्याला कळतं, पोस्टमनला काय कळणार? दुसरा पत्ता बाहेरचा, जगाला दिसणारा. तो ब्रॉडबँडवाली कंपनी देते. ह्या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. म्हणून पुष्कळ कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत मिळून वापरतात, चाळीत मिळून एक नळ असावा तसा. शिवाय तो बदलताही असतो. अशा घरात बाहेरून थेट शिरता येत नाही. दादानं कंपनीला दरमहा वेगळे पैसे भरून एक कायमचा, स्वतंत्र पत्ता घेतला होता. मग राऊटरमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' नावाच्या चौकोनात खूण केली होती. म्हणजे देवडीचं दार रस्त्याच्या बाजूनं उघडं केलं.

सर म्हणाले, "बाई, आता आईंच्या मोबाईलवर तो आतला पत्ता टाका आणि काय दिसतं ते वाचून दाखवा."

आम्ही पिन लावली. दिवे लागले. आई माझ्या शेजारी चष्मा लावून बसली. पत्ता टाकल्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारं पान आलं. दादाला विचारावं म्हणून मी फोन उचलणार, तोच सर म्हणाले, "आधी डबा उलटा करून बघा." खाली चिकटपट्टीवर छापलेलं होतं. नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. ते टाकलं आणि दार उघडलं!

माझ्या पोटात गोळाच आला. दादानं वाय-फायचा पासवर्ड मोठा, अवघड ठेवला होता. पण तो वेगळा आणि ह्या डब्याच्या आतल्या खोलीचा वेगळा. आतला त्यानं बदललाच नव्हता. म्हणजे रस्त्याकडचं दार उघडं, आणि किल्ली कुंडीखाली! तीही अशी, की त्या जातीच्या प्रत्येक घरात त्याच कुंडीखाली.

सरांनी 'सिस्टिम लॉग' उघडायला सांगितलं. ती डब्याची रोजनिशी असते. आम्ही पिन काढली तेव्हा मागची पानं पुसली गेली होती. पण राऊटर लावून पाऊण तासही झाला नव्हता, तेवढ्यात अनोळखी पत्त्यांवरून आत शिरण्याचे सहा-सात प्रयत्न झालेले दिसले. आमच्या वाईच्या घराशी कुणाचं वैर नाही. सर म्हणाले, वैर लागतच नाही. बाहेर यंत्रंच फिरत असतात, एकेक दार ठोठावत. उघडं दिसलं की आत.

आणि ही काही नुसती भीती नव्हे. २०१६ साली 'मिराय' नावाचा एक उपद्व्याप झाला. कारखान्यातून येताना असतात ती साठएक नावं-पासवर्ड एकापाठोपाठ एक घालून बघायची, एवढीच त्याची विद्या. तेवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राऊटर त्यानं ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेत मोठमोठ्या साइटी काही तास बंद पाडल्या. तो रचणारी पोरं होती विशीतली! २०१७ च्या जुलैत आपल्याच देशात हजारो घरांचे मोडेम अशाच कारणानं बंद पडले आणि लोकांना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं. २०१८ च्या मे महिन्यात ५४ देशांतले निदान पाच लाख राऊटर आणि तसलीच यंत्रं बाधित निघाली. ब्रिटननं तर २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला, की सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकायचं नाही.

"पण आत येऊन चोर नेणार काय? माझ्याकडे आहे काय?" आईनं विचारलं.

सरांनी फोनवरूनच तिला सांगितलं, "आजी, तो तुमचे पत्ते बदलू शकतो. तुम्ही बँकेचं नाव टाकाल आणि तो भलत्याच पानावर नेईल. किंवा तुमच्या घरात बसून दुसऱ्याच्या घरी दगड मारेल. नाव तुमच्या घराचं येणार."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे माझा मुलगा माझी झोप मोजत होता, आणि दार सताड उघडं होतं."

हे वाक्य मी दादाला जसंच्या तसं सांगितलं नाही. पण संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईनंच सांगितलं. तिकडे रविवारची सकाळ होती, दादाच्या हातात चहाचा कप. तो आधी चिडला. "मी कशासाठी केलं हे? माझ्यासाठी? तू पडलीस, तुला काही झालं, तर मला इथे कळणार कसं?" मग पासवर्डचं कळल्यावर ओशाळला. घाईत राहून गेलं म्हणाला. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री त्यानं ते सगळं बसवलं होतं. मला आठवतं ना, आई लाडू वळत होती आणि हा शोकेसपाशी उकिडवा बसून खटपट करत होता.

आई शांतपणे म्हणाली, "अरे, काळजी कर. तू नाही करायची तर कुणी? पण विचारून कर. पलीकडच्या काकूंकडे आपली किल्ली चाळीस वर्षं होती. एकदा तरी त्या न सांगता आत आल्या?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मागून वहिनीचा आवाज आला, "आई, मी ह्यांना आधीच म्हटलं होतं." मग सगळेच हसलो, आणि गाठ सुटली.

त्यानंतर तिघांनी मिळून जे केलं ते असं. 'रिमोट मॅनेजमेंट'ची खूण काढून टाकली. रस्त्याकडचं दार बंद. रात्रीची वेळ लावलेली काढून टाकली. डब्याचा पासवर्ड बदलला, आणि तो आईनं ठरवला. कुणाच्या वाढदिवसाचा नाही, देवाच्या नावाचा नाही; एकमेकांशी संबंध नसलेले तिच्या स्वयंपाकघरातले चार शब्द आणि मध्ये आकडे. तो तिनं मला दिला, एका वहीत लिहिला, आणि ती वही कुठल्या डब्यात आहे ते फक्त आम्हां दोघींना ठाऊक आहे. राऊटरच्या आतली प्रणाली नवी करून घेतली, कारण जुन्या कुलपातल्या खोडी नव्या प्रणालीत दुरुस्त केलेल्या असतात.

मग दादानं आत यायचं कसं? त्यासाठी 'व्ही.पी.एन.' म्हणून एक वाट असते. आमच्या राऊटरमध्ये 'वायरगार्ड' नावाची सोय होती. दादाच्या संगणकात एक गुप्त किल्ली, राऊटरमध्ये तिचा जोड. ती किल्ली नसलेल्यानं दार ठोठावलं तर आतून ओ सुद्धा येत नाही. इथे दार आहे हेच त्याला कळत नाही. बोलणं सगळं मोहोरबंद. आणि ही वाट चालू-बंद करायची खूण आईच्या हातात. ती खूण कुठे आहे ते तिनं माझ्याकडून तीनदा गिरवून घेतलं, पहिलीतली मुलं 'ग' गिरवतात तसं. एरवी ती बंद. दादाला काही बघायचं असलं की त्यानं फोन करायचा. आईनं खूण करायची. काम झालं की परत काढायची.

दादाची काळजी राहिली, तिची वेगळी सोय केली. रोज सकाळी पूजा झाली की आई तुळशीचा फोटो पाठवते. नऊपर्यंत फोटो आला नाही तर मी फोन करायचा, आणि मी शाळेत असेन तर काकूंच्या सुनेनं जाऊन बघायचं. त्याला राऊटर लागत नाही.

कराडला परत येताना एस.टी.त मला एक गोष्ट टोचत राहिली. माझ्या मोबाईलवर आमच्या राऊटरचं ॲप आहे. माझा मुलगा सातवीत. मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत बसून मी बघते, त्याचा टॅब जोडलेला आहे का. असला तर तिथूनच बंद करते. घरी गेल्यावर, "आज नेट गेलं होतं का रे?" असं साळसूदपणे विचारतेही! मग मी दादाहून निराळी कशी? मुलगा लहान आहे, त्याला वेळेचं बंधन हवंच, हे मी आजही म्हणेन. पण त्या रात्री जेवताना मी त्याला सांगितलं, की हे मी करत होते आणि वेळ ठरवून पुढेही करीन, पण लपवून नाही. तो दोन मिनिटं गाल फुगवून बसला. मग म्हणाला, "मला वाटलं आपला राऊटरच वाईट आहे." 'हे' ताटात बघून हसत होते. पुढे वेळ आम्ही तिघांनी मिळून ठरवली. वाद अजूनही होतो, पण समोरासमोर होतो.

मैत्रिणींनो, आता आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी हा डबा आहे, आणि पुष्कळींचे मुलगे-भाऊ दूर आहेत. म्हणून चार गोष्टी सांगते. डबा उलटा करून बघा. खाली छापलेलं नाव-पासवर्ड अजून चालत असेल तर आजच बदला. वाय-फायचा बदलला म्हणजे हा बदलला असं होत नाही. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू आहे का ते बघा, आणि कारण नसेल तर बंद करा. पाहुण्यांसाठी बहुतेक डब्यांत वेगळं 'गेस्ट' वाय-फाय असतं. आल्या-गेल्याला तेच द्या. मागे बारीक भोक असतं, त्यात पिन दाबून धरली की सगळं पुसून डबा कोरा होतो. तो शेवटचा उपाय. उगाच करू नका, कारण कंपनीनं भरलेली माहितीही त्यात जाऊ शकते आणि मग त्यांचा माणूस येईपर्यंत नेट नाही. कंपनीनं डबा दिलेला असेल तर त्यांच्यापाशीही बहुधा एक वेगळी किल्ली असते, दुरूनच दुरुस्ती करण्यासाठी. त्यात वावगं काही नाही, पण ठाऊक असावं.

आणि एक महत्त्वाचं. फोन करून कुणी म्हणालं, "मी कंपनीतून बोलतो, तुमचं नेट दुरुस्त करतो, हे ॲप घ्या आणि त्यातला आकडा सांगा," तर फोन ठेवून द्या. त्या ॲपनं तुमचा अख्खा मोबाईल त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच ह्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करा. लाजून घरात गप्प बसू नका.

गेल्या पावसाळ्यात आईचं नेट पुन्हा बंद पडलं. दादाचा मला फोन, माझा आईला. आई म्हणाली, "अगं, पांढऱ्या पेटीवरचा 'लॉस'चा दिवा लाल आहे. म्हणजे तारच तुटली. वानरांनी ओढलीये, मी बघितलं. तारच नाही तर तुझा दादा कॅनडातून येणार कुठून? मी तारवाल्याला बोलावलंय." संध्याकाळी तार जोडली गेली, आणि आईनंच दादाला सांगितलं.

परवा मी वाईला होते. जेवणं होऊन आम्ही अंगणात बसलो होतो, तोच दादाचा फोन आला. राऊटरची प्रणाली परत नवी करायची होती. आईनं चष्मा लावला, आतला पत्ता टाकला, चार शब्दांचा पासवर्ड माझ्याकडे पाठ करून लिहिला, आणि खुणेवर बोट नेऊन थांबली. तिकडून आवाज आला,

"आई, येऊ का आत?"

"ये रे बाळा," ती म्हणाली. "पण लवकर आटप. मला रात्री गाणी ऐकायची असतात."